लागणे आणि लावणे : एका क्रियापदाचा पसारा

पोलादपूरच्या एसटी स्थानकात 'गाडी लागली' या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही रोज वापरात असतात. 'मास्तर, महाबळेश्वर गाडी लागली का?' असे विचारणाऱ्याला गाडी फलाटावर येऊन उभी राहिली का, एवढेच हवे असते. तीच गाडी आंबेनळी घाटाच्या वळणांवर चढू लागली की खिडकीशी बसलेल्या एखाद्या बाईला 'गाडी लागते' आणि शेजारीण पिशवीतून आवळासुपारी काढून देते. पहिल्या वाक्यात गाडी फलाटाला लागली, दुसऱ्यात माणसाला. शब्द तेच, व्याकरणाचा सांगाडाही जवळजवळ तोच, आणि तरी ऐकणाऱ्याचा गोंधळ कधी होत नाही.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलांना 'गेट', 'टेक', 'पुट', 'सेट' या क्रियापदांचा धाक असतो. एवढासा शब्द, त्याला मागे एखादे अव्यय जोडले की अर्थ पार बदलतो, आणि ते सगळे पाठ करावे लागते. ही तक्रार खरी आहे. पण ती करताना 'पाठ करावे लागते' या आपल्याच वाक्यात तसलेच एक क्रियापद बसले आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. 'लागणे' हे मराठीतले बहुधा सर्वांत जास्त राबणारे क्रियापद असावे. त्याचा पसारा मांडून पाहावा, आणि तो महाड-पोलादपूरच्या बोलण्यातून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे. हा मुलूख निवडण्याला कारण आहे. डोंगर, नदी, खाडी, पाऊस आणि स्थलांतर यांच्यामध्ये जगणाऱ्या माणसांना या क्रियापदाची गरज जरा अधिक पडते. शिवाय त्यात दडलेला एक प्रश्न इथल्या इतिहासात पुन्हा पुन्हा उभा राहिलेला आहे.

कोशकारांची कसोटी

कुठल्याही भाषेच्या कोशकाराला अवघड शब्द त्रास देत नाहीत. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो. 'अभिसरण' किंवा 'पंचनामा' यांची नोंद चार ओळींत संपते. त्याची खरी कसोटी लागते ती लहान मुलाच्या तोंडी असलेल्या शब्दांवर. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. पुढे नव्या आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर तो मान आधी 'मेक', मग 'पुट' आणि २०११ मध्ये 'रन' या क्रियापदाकडे गेला. 'रन'चे सहाशेहून अधिक अर्थ कोशकारांनी वेगळे काढले. यंत्रयुगाने धावायला लावलेल्या सगळ्या गोष्टी त्या शब्दात गोळा झाल्या होत्या.

मराठीत मोल्सवर्थने कँडी बंधूंच्या साहाय्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये. पुढे य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला. दोन्ही कोशांत 'लागणे'ची नोंद उघडली की एकामागून एक अर्थ येत राहतात. चिकटणे, स्पर्श होणे, इजा होणे, गरज असणे, आरंभ होणे, भाग पडणे, चव जाणवणे, नाते असणे. इतके अर्थ एका शब्दात कसे मावले, याचे उत्तर कोश देत नाही, आणि ते त्याचे कामही नाही. ते शोधायला शब्दाच्या मुळाशी जावे लागते.

चिकटण्यापासून सुरुवात

संस्कृतातला 'लग्' धातू म्हणजे चिकटणे, जोडले जाणे. त्याचे भूतकालवाचक रूप 'लग्न', म्हणजे चिकटलेले. प्राकृतात त्याचे 'लग्ग' झाले आणि मराठीत जोडाक्षर सुटे होऊन आधीचा स्वर लांबला, 'लाग' झाले. 'हस्त'चे 'हत्थ' आणि मग 'हात', 'सप्त'चे 'सत्त' आणि मग 'सात', 'कर्म'चे 'कम्म' आणि मग 'काम', हीच वाट. संस्कृत रूपही आपण तसेच्या तसे ठेवून घेतले, पण विवाहासाठी. त्यामुळे 'लग्न लागले' असे आपण म्हणतो तेव्हा एकच मूळ दोनदा उच्चारतो, एकदा संस्कृत वेशात आणि एकदा मराठी.

या मुळाचे गोत मोठे आहे. रोपे जमिनीला लागतात ती 'लागवड'. रोग एकाचा दुसऱ्याला लागतो ती 'लागण'. भूत अंगाला लागते ते 'लागीर'. शेजारचे शेत 'लगत'चे, मध्ये खंड नसलेले 'सलग', वेगळे झालेले 'विलग', एकामागून एक 'लागोपाठ', आतल्या गाठीचे 'लागेबांधे'. आणि संध्याकाळी घरोघर दिवे लागतात ती 'दिवेलागण'. मराठीने घड्याळाशिवाय सांगितलेल्या वेळांमध्ये इतकी अचूक आणि इतकी प्रेमळ वेळ दुसरी नसेल.

जुन्या मराठीत हाच शब्द शब्दयोगी अव्यय होऊन 'लागी' या रूपात नामाला जोडला जाई. 'त्यालागी' म्हणजे त्याला, त्याच्यासाठी. 'ज्ञानेश्वरी'च्या वाचकाला हे रूप ओळखीचे आहे. आजचा चतुर्थीचा 'ला' हा प्रत्यय या 'लागी'पासूनच आला, असे एक मत भाषाभ्यासकांत आहे. त्यावर वाद आहे. पण ते मत धरून चालले, तर 'मला लागले' या इवल्या वाक्यात 'ला' आणि 'लागले' हे दोघे एकाच घरचे निघतात.

सारांश, सगळ्या अर्थांच्या तळाशी एकच हालचाल आहे. एक वस्तू दुसरीला येऊन टेकते. होडी बंदराला टेकली म्हणजे लागली, दगड पायाला टेकला म्हणजे लागला, चव जिभेला टेकली म्हणजे गोड लागली, शब्द मनाला टेकला म्हणजे लागला. भात पातेल्याच्या बुडाला टेकून राहिला तरी लागलाच, आणि तो खाणाऱ्याला करपट लागला. नाते हेसुद्धा टेकणेच आहे. 'तो माझा चुलता लागतो' यात माणूस माणसाला लागून आहे, शेताला शेत लागून असावे तसा.

पाणी लागणे, चार प्रकारे

महाड तालुक्यात आणि पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मृग लागतो, मग पाऊस लागतो. इथे 'पाऊस पडला' आणि 'पाऊस लागला' यांत फरक आहे. पडलेला पाऊस थांबतो, लागलेला थांबत नाही. मग भाताची लावणी लागते आणि सगळे घर कामाला लागते. श्रावण-भाद्रपदात नाचणीला कणसे लागतात आणि त्याच वेळी रानडुकरांचा त्रास सुरू होऊन राखणीला माणूस लागतो.

या मुलखात 'पाणी लागले' या वाक्याचे निदान चार अर्थ आहेत. विहीर खणताना खडकाखाली पाणी लागले, हा आनंदाचा. मुंबईहून आलेल्या नातवाला इथले पाणी लागले, म्हणजे बाधले, हा काळजीचा. नोकरीला गेलेल्या मुलाला शहराचे पाणी लागले, म्हणजे तो पहिल्यासारखा राहिला नाही, हा तक्रारीचा. आणि सावित्रीला पूर आला, वरून गांधारीचे पाणी आणि खालून खाडीची भरती एका वेळी आली की महाडच्या बाजारपेठेला पाणी लागले, हा भीतीचा. वाक्य बदलत नाही, ऐकणाऱ्याला ऋतू आणि बोलणाऱ्याचा चेहरा अर्थ सांगतो. याशिवाय एक अर्थ साध्या गरजेचा आहे, भाताला पाणी लागते. इतका पाऊस होऊनही एप्रिल-मे महिन्यांत पोलादपूरच्या डोंगरातल्या कित्येक वाड्यांना टँकर लागतो. पाणी उतारावरून निघून जाते, थांबत नाही.

दासगाव हे सावित्रीवरचे जुने बंदर. होड्या तिथे लागत. नदीला ओहोटी लागली की खोळंबा होई. आता मालाची ने-आण महामार्गावरून होते आणि 'ओहोटी लागली' हा शब्दप्रयोग धंद्यासाठी, नशिबासाठी, गावाच्या वस्तीसाठी वापरला जातो. रोजच्या वापरातला व्यवहार संपला तरी क्रियापद मागे उरते. माणसे लागायची ठिकाणेही बदलली. पूर्वी माणूस 'गिरणीत लागला' की घरी मनिऑर्डर येई. आता बिरवाडीकडच्या औद्योगिक वसाहतीत तो 'कंपनीत लागतो'. 'कंपनीत लागला' म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला : 'कायम की कंत्राटी?'

हाती, मार्गी, नादी, पाठी

इंग्रजी क्रियापद अर्थ बदलते ते मागे येणाऱ्या अव्ययाच्या आधाराने. वर, खाली, आत, बाहेर, दूर अशा दिशावाचक शब्दांनी. मराठीने दुसरी रीत धरली. इथे क्रियापदाच्या आधी नाम येते आणि अर्थाचा भार ते उचलते. भूक लागणे, झोप लागणे, ठेच लागणे, निकाल लागणे, वेड लागणे, लळा लागणे, वर्णी लागणे, कस लागणे. 'लागणे' मागे उभे राहून फक्त एवढेच सांगते, की ही गोष्ट कोणाला तरी येऊन चिकटली.

यातला एक गट विशेष पाहण्यासारखा आहे. हाती लागणे, मार्गी लागणे, नादी लागणे, पाठी लागणे, अंगी लागणे, सार्थकी लागणे. ही 'हाती', 'मार्गी' रूपे जुन्या सप्तमीची आहेत. आज आपण 'हातात', 'मार्गावर' म्हणतो. जुना प्रत्यय मोकळ्या बोलण्यातून बराचसा गेला, पण या जोडगोळ्यांमध्ये टिकून राहिला. 'खाल्लेले अंगी लागत नाही' म्हणणारी आजी नकळत सातशे वर्षांपूर्वीचे रूप वापरत असते. 'अंगात लागत नाही' असे म्हटले तर अर्थच जातो.

याचा व्यवहारातला परिणाम असा, की भाषांतर करताना 'लागणे'ला एक प्रतिशब्द कधीच मिळत नाही. वेळ लागतो, पैसे लागतात, आग लागते, गोड लागते, जावे लागते, रडू लागते. इंग्रजीत या सहा वाक्यांना सहा वेगळी क्रियापदे वापरावी लागतात. तेव्हा इंग्रजीच्या 'गेट'ला घाबरणाऱ्या मुलाला शिक्षकाने आधी फळ्यावर 'लागणे' लिहून दाखवावे. भाषा मोजक्या धातूंवर पुष्कळ अर्थ का लादते, हे त्याला आपल्याच घरात पाहायला मिळेल आणि परक्या शब्दाची भीती थोडी कमी होईल.

रायगडावर काय बदलले, काय राहिले

महाड तालुक्यातल्या रायगडावर १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या सुमारास त्यांच्या आज्ञेने रघुनाथपंडिताने 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला. दहा वर्गांत मांडलेले सुमारे चौदाशे शब्द, फारसी-अरबी दरबारी संज्ञांना संस्कृत पर्याय. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. मराठीच्या इतिहासातला हा मोठा आणि जाणीवपूर्वक केलेला भाषिक प्रयत्न.

पण बारकाईने पाहिले, तर हा सारा खटाटोप मुख्यतः नामांचा होता. पदे, वस्तू, शस्त्रे, खाती. क्रियापदांना हात लावण्याची गरज पडली नाही, कारण फारसीच्या शतकांतही मराठीची मूळ क्रियापदे फारशी हललेली नव्हती. करणे, होणे, पडणे, बसणे, लागणे ही तशीच होती आणि परकी नामे त्यांच्या आधाराने वाक्यात येऊन बसत होती. आजही तेच चालले आहे. इंग्रजी नामे शेकड्यांनी आली, पण 'फोन लागत नाही', 'नेटवर्क लागत नाही', 'नंबर लागला', 'ओटीपी लागतो', 'टोल लागतो' या वाक्यांचा कणा मराठीच आहे. भाषेच्या भवितव्याची चिंता करताना आपण नामे मोजत बसतो. क्रियापदे शाबूत आहेत का, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. 'मला जावे लागते' ऐवजी 'मला जायचे पडते' असे ऐकू येऊ लागेल, तेव्हा खरी काळजी करावी.

'तो' आणि 'त्याला'

हे उदाहरण मुद्दाम घेतले. हिंदीत 'जाना पड़ता है', मराठीत 'जावे लागते'. हिंदीत सक्ती माणसावर पडते, मराठीत ती त्याला चिकटते. उलट 'मुझे लगता है' या अर्थी आपण 'मला वाटते' म्हणतो. दोन्ही भाषांकडे धातू एकच, पण त्याची कामे त्यांनी निरनिराळी ठरवली.

'लागणे'चा साहाय्यक क्रियापद म्हणून वापर हा मराठी व्याकरणातला नाजूक भाग आहे. मोरो केशव दामले, म्हणजे केशवसुतांचे बंधू, यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात संयुक्त क्रियापदांचा ऊहापोह विस्ताराने आहे. इथे एकच जोडी घेऊ.

'तो काम करायला लागला.' म्हणजे त्याने काम सुरू केले.

'त्याला काम करायला लागले.' म्हणजे काम करणे त्याला भाग पडले.

शब्द जवळजवळ सारखेच आहेत. पहिल्यात माणूस प्रथमेत, वाक्याचा कर्ता. दुसऱ्यात त्याला 'ला' लागला आणि तो कर्तेपणावरून उतरला. क्रियापदही त्याच्याशी जुळेनासे झाले, नपुंसकलिंगी 'लागले' होऊन बसले. एका प्रत्ययाने इच्छेची सक्ती झाली.

अनुभव घेणारा माणूस 'ला' लावून सांगण्याची ही रीत, मला भूक लागली, मला आठवले, मला आवडते, ही एकट्या मराठीची नाही. मरे इमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे मांडले आणि कॉलिन मसिका यांनी १९७६ मध्ये त्या क्षेत्राची लक्षणे तपासली. त्यांत हे एक महत्त्वाचे लक्षण मानले जाते. भाषाकुळे वेगळी असूनही मराठी, कन्नड, तमिळ, बंगाली या साऱ्या भाषांत भूक माणसाला लागते, माणूस भूक करत नाही.

आता हीच जोडी पोलादपूरच्या एखाद्या वाडीविषयी बोलताना कशी येते पाहा. 'माणसे गाव सोडायला लागली' असे वर्तमानपत्र लिहिते. 'आम्हाला गाव सोडायला लागले' असे तिथला माणूस सांगतो. पहिल्या वाक्यात एक प्रवृत्ती दिसते, जणू लोकांनी मनावर घेतले आणि ते मुंबई-सुरतेकडे निघाले. दुसऱ्यात कारण विचारण्याची सोय आहे. का सोडायला लागले? पाणी नव्हते म्हणून, शेत डोंगरावर आहे म्हणून, शाळेचा पट कमी झाला म्हणून, दरडीची भीती म्हणून. स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्याने आपल्या टिपणात या दोन वाक्यांपैकी कोणते लिहिले, यावर त्याचा निष्कर्ष अर्धा ठरून जातो.

लागते की कोणी लावते

'लागणे'ची जोडीदार क्रिया 'लावणे'. एक आपोआप घडणारी, दुसरी कोणीतरी घडवून आणलेली. आग लागली की आग लावली, या एका अक्षराच्या फरकावर पोलिसांचा पंचनामा आणि विम्याचा दावा उभा असतो. काम मार्गी लागते म्हणणारा अधिकारी आणि मार्गी लावतो म्हणणारा अधिकारी यांत जबाबदारी घेण्याचा फरक आहे. 'पाप लागते', 'दोष लागतो', 'सुतक लागते' या प्रयोगांत तर लावणारा कोणी दिसतच नाही. पाप आपले आपणच येऊन चिकटते आणि त्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही.

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तो लागू झाला, पण पाण्याला कोणाचा हात लागला नाही. भाषा आपल्याला फसवते ती इथे. ठराव 'लागू होतो' असे म्हटले की कोणीतरी तो लागू करायला हवा, हे वाक्यातून निसटते. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी जमलेल्या हजारो माणसांसह डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. 'पिणे' या क्रियापदाला कर्ता असतोच. तो लपवता येत नाही.

त्यानंतर काय झाले, तेही क्रियापदांत वाचता येते. 'तळे बाटले' असे म्हणून पंचगव्याने त्याची शुद्धी करण्यात आली. 'बाटणे' हे पुन्हा आपोआप होणारे. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले, आणि वादींचे म्हणणे होते की अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे. 'चालत आली'. कोणी चालवली, ते नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. म्हणजे आपोआप चालत आली म्हणता, तर ती कधीपासून आणि कशी, याचा पुरावा द्या, असे न्यायालयाने विचारले आणि तो देता आला नाही. कर्ता नसलेल्या वाक्याची इतकी कडक तपासणी क्वचितच झाली असेल.

हाच प्रश्न आता दुसऱ्या रूपाने या मुलखासमोर आहे. २५ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्या आणि काही प्रवासी खासगी वाहनासह नदीत गेले. २२ जुलै २०२१ रोजी तळियेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या. महाडला पुराचा वेढा होता, रस्ते बंद होते, मदत पथके तळियेला दुसऱ्या दिवशी पोहोचली.

अशा वेळी 'लागणे' आपल्या सर्वांत जड अर्थांनी वापरात येते. फोन लागत नाही. पत्ता लागत नाही. शोध लागत नाही. सावित्रीत गेलेल्या काहींचा आणि तळियेच्या ढिगाऱ्याखालच्या काहींचा शोध शेवटपर्यंत लागला नाही. शोध लागला नाही, तर मृत्यूची नोंद लागत नाही. नोंद नसली, तर सातबाऱ्यावर वारसांची नावे लागत नाहीत. त्यासाठी शासनाला बेपत्ता माणसांना मृत घोषित करण्याचा निर्णय घ्यावा लागतो. शोक आणि सरकारी कामकाज यांना जोडणारा धागा या एकाच क्रियापदाचा आहे.

आणि दरड? तिच्यासाठी आपल्याकडे कर्त्यावाचूनचीच वाक्ये आहेत. दरड कोसळली, पूल वाहून गेला, डोंगर खाली आला. ती खोटी नाहीत. पाऊस कोणी पाडत नाही. पण त्या वाक्यांच्या आधी येऊ शकणारी पुष्कळ वाक्ये कर्त्याची आहेत. उताराला पडलेली भेग कोणी पाहिली, कोणी कळवली, कोणी तपासली, धोक्याच्या वाडीला इशारा कोणी दिला, हलवायचे तर जागा कोणी ठरवली. पुनर्वसन 'मार्गी लागेल' असे सांगितले जाते, तेव्हा ऐकणाऱ्याने एक अक्षर बदलून विचारावे, मार्गी कोण लावणार आणि कधी?

'लागणे' हे क्रियापद वाईट आहे, असे यातून कोणी समजू नये. माणसाच्या हाती नसलेल्या गोष्टी मान्य करण्याची नम्रता त्यात आहे. भूक, झोप, लळा, वेड, पावसाळा यांना कर्ता शोधत बसणे हा अडाणीपणा होईल. आपले पूर्वज या गोष्टी 'लागतात' म्हणाले ते योग्यच. मात्र त्यांनी त्याच्या शेजारी 'लावणे'ही ठेवले. रोप शेतात आपोआप लागत नाही, आषाढात चिखलात वाकून ते लावावे लागते, हे महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. भाषेने दोन्ही क्रियापदे हाताशी दिली आहेत. कुठे कोणते वापरायचे, हे बोलणाऱ्याने ठरवायचे आहे.